अंकविलास : एका कवडीचे अंतर

ह्या सदराच्या वाचकांस आजवर बहुधा लहान संख्यांचाच सहवास घडला. यंदाच्या स्मरणिकेत एका भारदस्त संख्येची गाठ घालून द्यावी, असा मानस आहे. ती संख्या अशी : २,१४,७४,८३,६४७; म्हणजे २ अब्ज १४ कोटी ७४ लक्ष ८३ हजार ६४७. एवढ्या मोठ्या संख्येशी आपला काय संबंध, असे एखाद्या व्यवहारी गृहस्थास वाटेल. परंतु हिच्या घराण्याचा शोध घेऊ लागले म्हणजे एक धागा सह्याद्रीच्या कुशीत जातो, दुसरा रशियाच्या तत्कालीन राजधानीत, तिसरा आपल्या ह्या लंडन शहरात वुलिच येथे, आणि चौथा तर आपल्या खिशातील भ्रमणध्वनीत येऊन पोहोचतो. ह्या चारही ठिकाणी जाऊन तिची भेट घ्यावी, असा आजचा बेत आहे.

कवड्यांचे दान

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा. आपले गाव सह्याद्रीच्या परिसरात असल्याचे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. खानदेशात चाळीसगावाजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. आचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव ह्यांनी तेथे मठ स्थापिल्याचे त्यात सांगितले आहे. त्या लेखाचा काही भाग मराठीत आहे, ही आपणांस विशेष जिव्हाळ्याची गोष्ट. डॉ. भाऊ दाजी ह्यांनी एकोणिसाव्या शतकात तो लेख उजेडात आणला.

आचार्यांनी वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, 'सिद्धांतशिरोमणि' रचला. त्याचा 'लीलावती' हा भाग अंकगणिताचा. त्यात श्रेढीचे विवेचन करताना त्यांनी एक उदाहरण घातले आहे. कोणी एक दाता याचकांस पहिल्या दिवशी २ कवड्या देतो आणि पुढे प्रतिदिनी आदल्या दिवसाच्या दुप्पट देत जातो. तर एका महिन्यात त्याने किती निष्क दिले? महिना ३० दिवसांचा धरावयाचा. कवडी हे सर्वांत हलके नाणे आणि दान अवघ्या दोन कवड्यांपासून सुरू झालेले. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस दात्याच्या हातून २५४ कवड्या गेलेल्या असतात, आणि त्यास ह्या व्रताचे काही भय वाटण्याचे कारण नसते. महिनाअखेरीस मात्र बेरीज होते २,१४,७४,८३,६४६ कवड्या!

२० कवड्यांची १ काकिणी, ४ काकिणींचा १ पण, १६ पणांचा १ द्रम्म आणि १६ द्रम्मांचा १ निष्क, हे 'लीलावती'तील कोष्टक. त्या हिशेबाने उत्तर येते १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. वाचकांपैकी ज्यांस हौस असेल त्यांनी पडताळा पाहावा. आचार्यांचा हिशेब एका कवडीनेही चुकत नाही.

परंतु उत्तराहूनही ते काढण्याची रीत अधिक मोलाची आहे. त्यासाठी २ चा ३० वा घात हवा. सामान्य मनुष्य २ ला २ ने एकोणतीस वेळा गुणीत बसेल. आचार्य सांगतात की, ३० ही संख्या सम आहे, तेव्हा तिचे अर्धे करा आणि 'वर्ग' असे लिहून ठेवा. आले १५. ही विषम, तेव्हा १ उणा करा आणि 'गुण' असे लिहा. आले १४. पुन्हा अर्धे, ७, १ उणा, ६, अर्धे, ३, १ उणा, २, अर्धे, १, १ उणा, शून्य. आता ही टिपणे खालून वर वाचीत जा. 'गुण' असेल तेथे दुप्पट करा, 'वर्ग' असेल तेथे वर्ग करा : २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८ आणि अखेर १,०७,३७,४१,८२४. आठ पायऱ्यांत काम झाले. ह्यातून १ उणा करून २ ने गुणिले की दानाची बेरीज मिळते. ही अर्धे करण्याची युक्ती आचार्यांच्याही पूर्वीची असून, पिंगलाच्या छंदःशास्त्रात ती आढळते. आजचे संगणक प्रचंड घात काढताना ह्याच धाटणीची रीत वापरतात.

आता त्या दात्याच्या हिशेबात किंचित फेरफार करू. त्याने पहिल्या दिवशी २ ऐवजी १ च कवडी दिली आणि इंग्रजी महिन्याप्रमाणे ३१ दिवस दान चालविले, तर बेरीज किती होईल? आचार्यांच्या उत्तराहून बरोबर एक कवडी अधिक : २,१४,७४,८३,६४७. हीच आपली आजची संख्या. २ चा ३१ वा घात घेऊन त्यातून १ वजा केला की ती मिळते.

एका कवडीने काय होते?

दोन अब्ज कवड्यांत एक कवडी इकडेतिकडे झाली तर काय बिघडले, असे सावकारदेखील म्हणेल. गणितात मात्र त्या एका कवडीने सारा स्वभाव पालटतो.

आचार्यांच्या उत्तराचे अवयव पाडले तर २, ३, ३, ७, ११, ३१, १५१ आणि ३३१ असे मिळतात. त्या संख्येस एकंदर १९२ भाजक आहेत. तेव्हा त्या कवड्यांची रास दोघांत, तिघांत, सात जणांत, नऊ जणांत, अकरा जणांत, ३३१ जणांत, अशी नाना प्रकारे सारखी वाटून देता येते; अर्थी जनांची पंगत केवढीही येवो, बहुधा काहीतरी सोय लागते. तीत एक कवडी टाका, की तीच रास हट्टाला पेटते. दोघांत वाटा, एक उरते. सात जणांत वाटा, एक उरते. ३११ जणांत वाटा, ३५ उरतात. भागीदार कितीही घ्या, वाटणी समान होत नाही. सर्व कवड्या एकट्याने घ्याव्या, किंवा जितक्या कवड्या तितके याचक आणून प्रत्येकास एकेक द्यावी, एवढे दोनच मार्ग. ज्या संख्येस १ आणि ती स्वतः ह्यांवाचून भाजक नाही तिला आपण मूळ संख्या म्हणतो. २,१४,७४,८३,६४७ ही मूळ संख्या आहे.

हे विधान एका ओळीत लिहून झाले; परंतु ते सिद्ध कोणी आणि कसे केले, ही कथा ऐकण्याजोगी आहे.

दृष्टी गेलेल्या गणितज्ञाचा भागाकार

२ चा एखादा घात घेऊन त्यातून १ वजा केल्यावर मूळ संख्या केव्हा मिळते, हा प्रश्न फार जुना. २ चा दुसरा घात घेतला तर ३, तिसरा घेतला तर ७, पाचवा घेतला तर ३१, सातवा घेतला तर १२७. ह्या साऱ्या मूळ. म्हणून घाताचा अंक मूळ असला की उत्तरही मूळ येत असावे, असा मोह होतो. परंतु अकराव्या घातापाशीच ठेच लागते : २,०४७ म्हणजे २३ गुणिले ८९.

इटलीतील काताल्दी ह्या गणितज्ञाने १७ व १९ ह्या घातांच्या संख्या प्रत्यक्ष भागाकार करून मूळ ठरविल्या, हे त्याचे मोठे काम. पण १६०३ मध्ये त्याने २३, २९, ३१ आणि ३७ हे घातही त्याच पंक्तीस बसविले. १६४० मध्ये फर्माने २३ आणि ३७ ह्यांचा दावा खोडून काढला. पुढे २९ चा दावा ऑयलरने खोडला. उरला ३१. तो खरा निघाला! तरीही ह्या संख्येच्या शोधाचे श्रेय कोणी काताल्दीस देत नाही. चार ठिकाणी बाण सोडले आणि एक लागला, एवढ्याने धनुर्धर ठरत नाही.

लिओनहार्ड ऑयलर हा मूळचा स्वित्झर्लंडमधील बासेल गावचा. परंतु विसाव्या वर्षी त्याने घर सोडले आणि उरलेले आयुष्य पीटर्सबर्ग व बर्लिन येथे परमुलखातच घालविले. १७७२ च्या सुमारास तो पीटर्सबर्गमध्ये होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली होती. त्या अवस्थेत त्याने बेर्नुली घराण्यातील एका गणितज्ञास पत्राने कळविले की, २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मूळ आहे.

हे त्याने कसे जाणले? सरळ मार्ग असा की, संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी तिला भागून पाहावे. ह्या संख्येचे वर्गमूळ ४६,३४० हून किंचित अधिक आहे, आणि तेथपर्यंतच्या मूळ संख्या ४,७९२ भरतात. इतके भागाकार करणे डोळस मनुष्यासही जड. ऑयलरने दोन चाळण्या लावल्या.

पहिली चाळणी समजण्यास पुन्हा २,०४७ कडे वळू. तिचा अवयव २३. आता १ पासून दुप्पट करीत चला, आणि २३ हून अधिक झाले की २३ वजा करा : १, २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२ आणि पुन्हा १. बरोबर ११ पावलांत फेरा पुरा झाला. फर्माचा सिद्धांत सांगतो की, मूळ संख्येच्या बाबतीत तिच्याहून एकने कमी, म्हणजे येथे २२, पावलांनंतरही आपण १ वरच असले पाहिजे. तेव्हा ११ पावलांचा फेरा २२ मध्ये पूर्ण बसलाच पाहिजे. हाच न्याय आपल्या संख्येस लावला तर तिचा जो कोणी मूळ अवयव असेल, त्यातून १ वजा केल्यावर ३१ ने भाग गेला पाहिजे. आणि तो अवयव विषम असल्याने ६२ नेही गेला पाहिजे. म्हणजे ६२ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या संख्याच तेवढ्या तपासावयाच्या.

दुसरी चाळणी अशी की, अशा अवयवास ८ ने भागले असता बाकी १ किंवा ७ च उरली पाहिजे. २,०४७ च्या अवयवांकडे पाहा : ८९ ला ८ ने भागून १ उरतो, २३ ला भागून ७. दोन्ही चाळण्या एकत्र केल्या म्हणजे २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवून येणाऱ्या संख्या शिल्लक राहतात. ४६,३४० पर्यंत अशा केवळ ३७२ उमेदवार संख्या आहेत. त्यांतल्याही बऱ्याच मुळात संयुक्त असल्याने आपोआप गळतात. पहिली खरीखुरी उमेदवार ३११. अशा उरलेल्या प्रत्येकीने भागून पाहिले. एकीनेही भाग गेला नाही. सिद्धता पुरी झाली.

वाचकांनी लक्षात घ्यावे की, येथे कोणतीही अद्भुत शक्ती उपयोगास आली नाही. कोठे शोधणे व्यर्थ आहे हे आधी सिद्ध केले आणि उरलेल्या ठिकाणी निमूटपणे शोध केला. ज्ञानाचा बहुतेक व्यापार असाच चालतो.

वुलिचचे भाकीत

ह्या संख्येच्या पोटी आणखी एक विलक्षण संख्या जन्मास येते. ६ चे भाजक १, २, ३ ह्यांची बेरीज ६. २८ चे भाजक १, २, ४, ७, १४ ह्यांची बेरीज २८. अशा संख्यांस परिपूर्ण संख्या म्हणतात. युक्लिडने दोन सहस्र वर्षांहून पूर्वी दाखवून दिले आहे की, १ पासून दुप्पट होत जाणाऱ्या श्रेढीची बेरीज मूळ आली, तर तिला श्रेढीच्या शेवटच्या पदाने गुणिल्यावर परिपूर्ण संख्या मिळते. १ आणि २ मिळून ३, तिला २ ने गुणून ६. १, २ आणि ४ मिळून ७, तिला ४ ने गुणून २८. आपल्या दात्याची बेरीज मूळ आहे. शेवटच्या दिवसाचे दान १,०७,३७,४१,८२४ कवड्या. दोहोंचा गुणाकार २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८. हिच्यात १९ अंक आहेत. 'लीलावती'त एकपासून परार्धापर्यंत १८ स्थानांची नावे दिली आहेत. ही संख्या त्या नामावळीच्याही एक घर पुढे जाते.

आता आपल्या शेजारी वुलिचला येऊ. तेथील लष्करी विद्यालयात पीटर बार्लो गणिताचे अध्यापन करीत असे. संख्याशास्त्रावरील त्याचा ग्रंथ १८११ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. ऑयलरच्या कामातून मिळालेल्या ह्या परिपूर्ण संख्येविषयी त्याने असा अभिप्राय दिला की, हिच्याहून मोठी कधी सापडावयाची नाही; कारण ह्या गोष्टी केवळ कुतूहलाच्या आहेत, त्यांचा उपयोग काही नाही, आणि म्हणून पुढे जाण्याचा खटाटोप कोणी करील असे संभवत नाही.

ह्यानंतर सहाच वर्षांनी, १८१७ मध्ये, कोलब्रुकने केलेले 'लीलावती'चे इंग्रजी भाषांतर ह्याच लंडनात छापले गेले. टेलरचे भाषांतर त्याच्या आदल्या वर्षी मुंबईस निघाले होते. अशा रीतीने ऑयलरची मूळ संख्या आणि भास्कराचार्यांचे दान, एका कवडीच्या अंतराने, एकाच शहरात येऊन राहिली.

बार्लोचे भाकीत टिकले नाही. १८७६ मध्ये फ्रान्सच्या ल्यूकाने १२७ व्या घाताची संख्या मूळ असल्याचे दाखविले. ती ३९ अंकी आहे. १८८३ मध्ये रशियातील पेर्वुशिन नावाच्या एका ग्रामीण धर्मोपदेशकाने ६१ व्या घाताची संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले. १९५२ मध्ये रॉबिन्सनने अमेरिकेतील एका संगणकाकडून एकाच वर्षात अशा पाच नव्या संख्या मिळविल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये २ च्या १३,६२,७९,८४१ व्या घातातून १ वजा केलेली संख्या मूळ असल्याचे जाहीर झाले. ती लिहावयास ४,१०,२४,३२० अंक लागतात. अशा प्रत्येक मूळ संख्येबरोबर एक परिपूर्ण संख्या आपोआप हाती येते, हे वेगळे सांगणे नलगे.

मोह मात्र येथेही आवरावा लागतो. ५ वरून ३१ मिळाले, ३१ वरून आपली संख्या मिळाली. तेव्हा २ चा २,१४,७४,८३,६४७ वा घात घेऊन १ वजा केला तर तीही मूळ निघेल, असे वाटणे साहजिक आहे. त्या संख्येत ६४ कोटींहून अधिक अंक आहेत. ती कोणी पुरी लिहून भागीत बसले नाही. तरी ऑयलरच्याच चाळणीने तिचा एक अवयव सापडला आहे : २९,५२,५७,५२,६६,२६,०३१. साखळी तेथे तुटली. तीन कड्या जुळल्या म्हणून चौथी जुळतेच असे नाही.

खिशातील संख्या

राहता राहिला उपयोगाचा प्रश्न. तो समजण्यास पुन्हा पिंगलाचे साह्य घेऊ. वृत्तातील प्रत्येक अक्षर लघु असते किंवा गुरू. तीन अक्षरांचे आठ प्रकार होतात. तेच आपले य, म, त, र, ज, भ, न, स हे आठ गण. ह्याच न्यायाने ३१ अक्षरांचे २,१४,७४,८३,६४८ प्रकार होतील. गुरूस शून्य आणि लघूस एक मानून त्यांस शून्यापासून क्रमांक दिले, तर प्रस्तारातील शेवटच्या, सर्व लघु असलेल्या प्रकाराचा क्रमांक २,१४,७४,८३,६४७ येतो. संगणकाची द्विमान पद्धती हीच. संख्येसाठी संगणकात पुष्कळदा ३२ घरे राखून ठेवतात. त्यांपैकी एक घर धन की ऋण हे दाखविण्यात खर्च होते, उरतात ३१. त्या ३१ घरांत सर्वत्र १ भरला की आपली संख्या येते, आणि मोजणी तेथे थांबते.

ह्याचे परिणाम साधे नाहीत. संगणकांच्या एका मोठ्या कुळात काळ मोजण्याची रीत अशी की, १ जानेवारी १९७० रोजी ग्रीनिच वेळेप्रमाणे दिवस सुरू झाल्यापासून किती सेकंद लोटले ते मोजावयाचे. ३१ घरांची ही मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी पहाटे ३ वाजून १४ मिनिटे ७ सेकंदांनी भरेल. आपण येथे गाढ झोपेत असू. मुंबईपुण्यात सकाळचे पावणेनऊ वाजत आलेले असतील. ज्या यंत्रांची व्यवस्था तोवर बदललेली नसेल ती पुढच्या सेकंदास एकदम १९०१ सालात जाऊन पडतील! म्हणूनच नव्या यंत्रांत ६४ घरांची योजना करीत आले आहेत. डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबवरील 'गंगनम स्टाइल' ह्या कोरियन गीताची प्रेक्षकसंख्या हीच मर्यादा ओलांडून गेली, तेव्हा तेथील मोजणीसही ६४ घरांचाच आधार होता.

ही झाली मर्यादा. आता तिच्या मूळपणाचा उपयोग पाहा. संगणकाकडून सोडतीसारख्या, क्रम न कळणाऱ्या संख्या मिळवावयाच्या असतात. रोगांचे प्रसार, रस्त्यांवरील गर्दी, यंत्रांची झीज अशा गोष्टींचे नमुने अभ्यासण्यास त्या लागतात. अमेरिकन गणितज्ञ लेमर ह्याने सुचविलेली एक पद्धती लुइस, गुडमन व मिलर ह्यांनी १९६९ मध्ये आयबीएमच्या संगणकांसाठी सिद्ध केली. १ घ्या, त्यास १६,८०७ ने, म्हणजे ७ च्या पाचव्या घाताने गुणा, २,१४,७४,८३,६४७ ने भागून बाकी ठेवा, तीस पुन्हा तसेच करा. ओळीने १६,८०७ मग २८,२४,७५,२४९ मग १,६२,२६,५०,०७३ अशा संख्या येत जातात. भाजक मूळ असल्याने आणि गुणक पारखून घेतल्याने १ पासून प्रत्येक संख्या एकदा आणि एकदाच येते, आणि मगच १ परत येतो. किती पावलांनी? बरोबर २,१४,७४,८३,६४६ पावलांनी. लीलावतीच्या दात्याने याचकांस दिलेल्या कवड्या नेमक्या इतक्याच! गुणक पारखावयाचा तोही ह्याच संख्येच्या अवयवांवरून, म्हणजे २, ३, ७, ११, ३१, १५१ आणि ३३१ ह्यांवरून. बार्लोने निरुपयोगी म्हणून बाजूस सारलेली संख्या आणि आचार्यांनी विद्यार्थ्यांस शिकविण्यासाठी घेतलेले दान, ही दोन्ही अशी एका यंत्रात जोडीने राबू लागली.

अभिमान कशाचा?

येथे एका नाजूक विषयास हात घालणे प्राप्त आहे. परदेशी राहिलेल्या मनुष्यास आपल्या पूर्वजांचा अभिमान अधिक हवाहवासा वाटतो आणि ते योग्यच आहे. म्हणून ही कथा ऐकून कोणी उत्साहाने म्हणेल, 'पाहा, ऑयलरच्या सहाशे वर्षे आधी भास्कराचार्यांना ही मूळ संख्या ठाऊक होती!' तसे म्हणू नये. आचार्यांनी दानाची बेरीज विचारली आणि ती अचूक काढण्याची उत्तम रीत सांगितली. तीत एक मिळविला तर येणारी संख्या मूळ आहे काय, हा प्रश्न त्यांनी त्या ठिकाणी विचारलाच नाही. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या पदरी बांधणे म्हणजे काताल्दीप्रमाणे बाण सोडणे होय.

आणि अशा उसन्या अलंकारांची त्यांना गरज काय? तीस पायऱ्यांचे काम आठ पायऱ्यांत आणणारी रीत सर्वांसमोर आहे. कोणीही कागदावर करून पाहावी. येथे वाढणारी आपली मुले चौकस आहेत. आपण सांगितलेली गोष्ट ती ग्रंथालयात जाऊन पडताळतात. एक बढाई पोकळ निघाली की तिच्याबरोबर दहा खऱ्या गोष्टींवरचाही त्यांचा विश्वास उडतो, आणि त्याचा दोष मुलांच्या माथी मारता येत नाही. उलट जे खरे ते नेमक्या शब्दांत सांगितले तर त्यांस ते स्वतः पडताळता येते, आणि पडताळलेली गोष्ट त्यांची स्वतःची होते. खऱ्या आणि खोट्या अभिमानात अंतर फार नसते, एखाद्या कवडीचेच असते. पण ती कवडी टाकली की सारा हिशेब बदलतो, हे आपण वर पाहिलेच आहे.

बार्लोच्या शब्दांतूनही एक बोध घेण्यासारखा आहे. 'ह्याचा उपयोग काय?' हा प्रश्न आपल्या घरोघरी ऐकू येतो; मराठीविषयी, संस्कृतविषयी, आणि शाळेच्या परीक्षेत न येणाऱ्या गणिताविषयीही. प्रश्न वाजवी आहे. परंतु त्याचे उत्तर आजच देण्याचा अधिकार आपणांस असतोच असे नाही. वुलिचच्या त्या विद्वान अध्यापकास आपल्या शेजारच्या ग्रीनिचची वेळ एके दिवशी ह्याच संख्येत मोजली जाईल, हे कळणे शक्य नव्हते.

शेवटी, प्रथेप्रमाणे, बालवाचकांसाठी एक कोडे. २ च्या तेराव्या घातातून १ वजा केला तर ८,१९१ ही संख्या येते. ती मूळ की संयुक्त? तिचे वर्गमूळ ९१ हून कमी आहे. ऑयलरच्या दोन्ही चाळण्या तिला लावून पाहा. मात्र येथे ६२ च्या जागी २६ घ्यावयाचे. चाळून झाल्यावर केवळ एकच उमेदवार संख्या उरेल, आणि एकाच भागाकारात निकाल लागेल. आईबापांनी शेजारी बसावे, पण उत्तर सांगू नये.